लाईट आली म्हणजे नक्की काय आलं?

माझं शिक्षण बारावीपर्यंत कॉन्व्हेंटमध्ये झालं. त्यामुळे माझं मराठी हा पहिल्या दिवसापासून आमच्या विंगच्या करमणुकीचा विषय आहे. (मेसमध्ये मी एकदा 'मावशी, थोडा भाजी द्या' म्हणालो होतो, ते अजून ऐकवतात!) पण या लेखाचा विषय माझं मराठी नसून माझं इंग्रजी आहे. ज्या इंग्रजीवर माझा एवढा भरवसा होता, त्यातलाच एक साधा पाच अक्षरी शब्द धाराशिवला आल्यावर मला कळेनासा झाला. तो शब्द म्हणजे 'लाईट'.

शाळेत शिकलो ते असं. लाईट म्हणजे प्रकाश, लाईट म्हणजे दिवा, लाईट म्हणजे पेटवणे. रंग फिका असेल तर लाईट आणि बॅग हलकी असेल तरी लाईटच. मला वाटायचं एकाच शब्दाचे हे पाच अर्थ आहेत. पण मुळात ते दोन वेगळे शब्द आहेत. जर्मनमध्ये ते अजून वेगळे राहिलेत: प्रकाश तो 'लिख्त' आणि हलका तो 'लाइख्त'. इंग्रजीत दोघांचं स्पेलिंग आणि उच्चार एक होऊन गेला. आणि गंमत म्हणजे दोघांचेही चुलतभाऊ आपल्याकडे आहेत! हलका या अर्थाचा लाईट हा संस्कृत 'लघु'चा नातेवाईक, तर प्रकाशवाला लाईट हा 'रुच्' म्हणजे चमकणे या धातूचा. आपली 'रुची' त्यातूनच आली. बसच्या दारावर 'अलाईट' म्हणजे उतरा असं लिहिलेलं असतं, तेही 'लघु'च्या घरातलं. स्वार उतरला की घोड्याचं ओझं हलकं होतं ना!

हे माहीत नव्हतं म्हणून मी पहिल्याच महिन्यात फसलो. कॉलेजमधले एक काका सांगत होते, "आम्ही लहानपणी बार्शी लाईटनं लातूरला जायचो." मला वाटलं, बार्शीत तेव्हा विजेवर चालणारी गाडी होती की काय! प्रत्यक्षात ती होती बार्शी लाईट रेल्वे, आणि हा लाईट म्हणजे लघु. रुळांमधलं अंतर फक्त अडीच फूट. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज इंजिनिअरने हिशोब मांडला की एका आसावर पाच टनांपेक्षा जास्त भार येऊ द्यायचा नाही, मग हलके रूळही पुरतात आणि खर्च आवाक्यात राहतो. १८९७ साली बार्शीपर्यंत गाडी सुरू झाली, १९११ ला ती येडशी, तडवळा, ढोकी करत लातूरला पोचली आणि १९२७ ला दुसऱ्या बाजूने मिरजेला. या गाडीने जिल्ह्याच्या गावाला मात्र वगळलं होतं. ब्रॉडगेज झाल्यावर २००७-०८ मध्ये मार्ग वळवला, तेव्हा कुठे तेव्हाच्या उस्मानाबादला रेल्वे मिळाली. म्हणजे आपल्या जिल्ह्यात 'लाईट' आधी लघु म्हणून आली, प्रकाश म्हणून नंतर. (तुमच्या खिशातल्या लायसन्सवर 'लाईट मोटर व्हेईकल' असेल तर तोही लघुच. पण कायद्याने ७५०० किलोपर्यंतची गाडी लाईट! कॅलथ्रॉप साहेब हसले असते.)

आता मराठी लाईटकडे येऊ. मराठीत ती 'वीज'च्या जागी बसली म्हणून बाई झाली: लाईट आली, लाईट गेली. माझा मुंबईचा मावसभाऊ 'लाईट गेले' म्हणतो आणि नागपूरचा क्लासमेट 'लाईन गेली'. लाईट बिलात पंखा, फ्रीज, मिक्सर सगळं येतं. उशिरा समजणारा तो ट्यूबलाईट. पण हल्लीच्या एलईडी ट्यूब बटण दाबताच लागतात. चोक-स्टार्टरवाली लुकलुकणारी ट्यूब न पाहिलेल्या ज्युनिअर्सना ही शिवी कशी कळणार, मला प्रश्नच आहे. हैदराबादकडची मुलं 'लाईट लो' म्हणतात, म्हणजे मनावर घेऊ नको.

पण एक गोष्ट मला लाईट घेता आली नाही.

माझा रूममेट कळंब तालुक्यातला. त्याचे वडील शेतातल्या वस्तीवर राहतात. एका रात्री फोन स्पीकरवर होता. अण्णा म्हणाले, "चार दिस झालं लाईट न्हाई, ऊस वाळाया लागलाय. फीचं पुढच्या म्हैन्यात बगू." आणि मागे टीव्हीवर सिरियल चालू असल्याचा स्पष्ट आवाज! फोन ठेवल्यावर मी हसत म्हणालो, "यार, तुझे वडील थाप मारतात. लाईट नाही तर टीव्ही कसा चालतो?" तो काही बोलला नाही. दोन दिवस बोलला नाही.

दिवाळीच्या सुट्टीत तोच मला गावी घेऊन गेला. वस्तीवर बल्ब जळत होता, मोबाईल चार्जिंगला होता आणि काकू म्हणत होत्या, "लाईट न्हाई." तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. त्यांच्या फीडरवर शेतीची पाळी संपली की थ्री फेज बंद होतं, वस्तीत अंधार नको म्हणून सिंगल फेज तेवढं राहतं. बल्बला २३० व्होल्ट पुरे. मोटरला तीन फेज लागतात, एकमेकांपासून १२० अंशांवर, तरच आत चुंबकीय क्षेत्र गोल फिरतं. एका फेजवर ते जागच्या जागी मागेपुढे होतं, मोटर नुसती गुरगुरते आणि कॉईल जळते. हे मी सेकंड इयरला लिहून मार्क घेतले होते! पण दिवा जळत असताना 'लाईट नाही' हे वाक्य बरोबर असू शकतं, हे पुस्तकात नव्हतं. आणि त्या चार दिवसांत तर डीपीवरचा एक फेज उडालेला होता, म्हणजे पाळी असूनही मोटर बंदच.

त्या आठवड्यात पाळी रात्रीची होती. साडेबाराला आम्ही तिघं बॅटरी घेऊन विहिरीवर गेलो. पाऊण तासाने मोटर थांबली. अण्णा म्हणाले, "गेली." मी हुशारी दाखवत स्टार्टरच्या पेटीचं झाकण उघडायला हात पुढे केला, तर त्यांनी मनगटच धरलं. "गेली म्हणलं म्हून हात घालायचा न्हाई, लेकरा. कवा येती ती सांगून येत न्हाई." शिवाय एक फेज गेला तरी बाकीचे दोन जिवंत असतातच. मी बोललेलं त्यांना कळलं होतं का, हे मी रूममेटला अजून विचारलेलं नाही.

आम्ही बांधावर बसून राहिलो. स्टार्टरवर तीन छोटे बल्ब असतात, लाल, पिवळा, निळा. बऱ्याच वेळाने ते एकदम लागले. मी ओरडलो, "अण्णा, तिन्ही लाईटी लागल्या!"

"म्हंजी लाईट आली," असं म्हणून ते फावडं घेऊन बारं धरायला गेले.