बाबांचा जुना कॉम्प्युटर आणि पपी



दिवाळीत हिंगणघाटला घरी गेले तर आमच्या जुन्या पेंटियम फोरवर विंडोज एक्सपी सुरूच होईना. बाबा म्हणाले, "काऊन वं, आजीचे फोटो गेले काय?" आजी आता नाही, आणि फोटो फक्त त्याच हार्ड डिस्कवर. दुकानवाला म्हणाला, फॉरमॅट मारा.

मी पपी लिनक्स डाउनलोड केलं. ऑस्ट्रेलियाच्या बॅरी कॉलर यांनी ते २००३ मध्ये सुरू केलं. आवृत्ती ३२ बिटचीच घेतली, कारण आमचा प्रोसेसर ६४ बिट चालवत नाही. उबुंटूने तर २०१७ मध्येच ३२ बिटचा डेस्कटॉप इन्स्टॉलर बंद केला. मदरबोर्ड पेन ड्राइव्हवरून बूट होईना, म्हणून सीडी केली. (आजकाल सीडी रायटर असलेला माणूस शोधणं हेच खरं इंजिनीअरिंग!)

पपी सीडीवरून थेट रॅममध्ये चढतं, १ जीबी पुरली. आपण सांगितल्याशिवाय हार्ड डिस्कवर काही लिहीत नाही, म्हणून तर फोटोंची भीती नव्हती. डेस्कटॉपवर ड्राइव्हचं चित्र दिसतं, त्यावर क्लिक केलं की डिस्क माउंट होते. फोल्डरच्या मराठी नावाजागी नुसते चौकोन! लोहित देवनागरी फॉन्ट कॉपी केल्यावर 'आजी' वाचता आलं. सगळं पेन ड्राइव्हवर उतरवलं. बंद करताना पपी सेशन सेव्ह करू का विचारतं, मी नाही म्हटलं.

बाबांचा कापसाचा हिशेबही सापडला, ग्नुमेरिकमध्ये उघडला. आता फोनवरून त्यांना बेरीज कशी करायची ते शिकवतेय.