टाकीतले कोलिफॉर्म आणि पीसीआरचा मोह

प्रश्न : बी.एस्सी.च्या प्रात्यक्षिकात आमच्या सोसायटीच्या टाकीतल्या पाण्यात कोलिफॉर्म निघाले. पाण्यात रोगजंतू आहेत का? आणि डीएनए शोधणाऱ्या पीसीआरच्या काळात नळ्यांत जंतू वाढवण्याची एमपीएन चाचणी कशाला शिकायची?
– एक विद्यार्थी, मुलुंड

उत्तर : घाबरू नका. बहुतेक कोलिफॉर्म स्वतः रोग करत नाहीत. ते सूचक जंतू, त्यांतले काही मातीतही राहतात. मात्र आयएस १०५०० : २०१२ नुसार पिण्याच्या १०० मिलीलीटर पाण्यात तेही सापडता कामा नयेत. म्हणून टाकी धुऊन घ्या, तोवर पाणी उकळून प्या. विष्ठेचा संसर्ग ठरवायला ई. कोलाय दिसावा लागतो, तेव्हा नळीतला वायू पाहून थांबू नका, पुष्टीची चाचणी करा. नमुन्याची बाटली निर्जंतुक हवी, तीत सोडियम थायोसल्फेट हवे. नाहीतर नळाच्या पाण्यातला क्लोरीन वाटेतही जंतू मारत राहतो आणि निकाल उगाच चांगला येतो. हे बारकावे हातानेच शिकावे लागतात. पीसीआर वेगवान खरा, पण तो मेलेल्या जंतूचा डीएनएही पकडतो. क्लोरीन दिलेल्या पाण्यात ही मोठीच अडचण. एमपीएन जिवंत, वाढू शकणाऱ्या जंतूंचा अंदाज देते. मात्र घरच्या स्वयंपाकघरात जंतू वाढवू नका, आणि वापरलेल्या नळ्या १२१ अंशांवर ऑटोक्लेव्ह केल्याशिवाय टाकू नका.