मुलांच्या आठवणी आणि हन्नाचा अंगरखा

वाचन : उत्पत्ती २१:१-८, १ शमुवेल २:१८-२१, लूक २:४१-५२



पवित्र शास्त्रात एका मुलाच्या नावातच हसू आहे. इसहाक ह्या हिब्रू नावाचा अर्थ ‘तो हसतो’. म्हातारपणी मूल होणार हे ऐकून अब्राहाम हसला (उत्पत्ती १७:१७). तंबूच्या दाराशी ऐकत असलेली सारासुद्धा मनात हसली (१८:१२). ते हसू शंकेचे होते. पण अब्राहामाच्या शंभराव्या वर्षी बाळ जन्माला आले, तेव्हा तीच सारा सांगते की हे हसू देवाने दिले आहे आणि ऐकणारे सगळे आता तिच्याबरोबर हसतील (२१:६).

मुले प्रत्येक घरात असे हसू आणतात. आमची मुलगी चार वर्षांची असताना तिने गोठ्यातल्या बाळ येशूला आजीच्या लोकरी मोज्यात घातले. थंडी वाजते म्हणून! एकदा मिस्सामध्ये दानाची पिशवी आली, तर हिने दहाची नोट टाकली आणि पाच रुपये परत मागितले. पहिल्या पापनिवेदनाच्या तयारीला तर ती कागद भरून घेऊन आली. त्यावर धाकट्या भावाची नऊ पापे क्रमवार लिहिली होती. स्वतःचे शेवटी एकच : ‘भावावर रागावले.’

अशा गोष्टींवर हसून आपण पुढे जातो. पण बाळ शमुवेलाची गोष्ट पाहा (१ शमुवेल ३). रात्री हाक ऐकून तो तीनदा धावत एलीकडे गेला. एलीने हाक मारलीच नव्हती. दोनदा त्याने मुलाला परत झोपायला पाठवले. तिसऱ्या वेळी मात्र त्याच्या ध्यानात आले की मुलाला परमेश्वर बोलावत आहे. वरवर पाहता तो पोराचा गोंधळ होता, पण त्यात देवाची हाक होती. मोज्यात घातलेल्या बाळ येशूवर आम्ही खूप हसलो. आज तीच मुलगी शेजारच्या आजारी आजींच्या पायांवर न सांगता शाल घालते. बालपणीच्या गमतीत मुलाचा स्वभाव, कधी त्याचे पाचारणही, बीजरूपाने दडलेले असते.

म्हणून आठवणी जपाव्यात. पण त्या सांगाव्यात कशा? शमुवेलाची आई हन्ना दरवर्षी त्याच्यासाठी लहानसा अंगरखा शिवून नेत असे (२:१९). दरवर्षी नवा, कारण मूल वाढत होते. आपण मात्र पुष्कळदा तेरा-चौदा वर्षांच्या मुलाला चार वर्षांचा अंगरखा घालू पाहतो. पाहुणे आले की त्याची अंथरूण ओले करण्याची गोष्ट निघते. सगळे हसतात, मुलगाही कसनुसे हसतो. पुढच्या वेळी पाहुणे आले की तो खोलीबाहेर येत नाही. मुलांना चिडवून त्यांचे मन खचवू नये, असे संत पौल बापांना बजावतो (कलस्सै ३:२१). साराचे हसू ‘बरोबर’ हसण्याचे होते. ज्याच्यावर हसतात तो एकटा पडतो.

आमच्या मुलीने बाराव्या वर्षी स्पष्ट सांगितले, “ती कागदाची गोष्ट माझ्या मैत्रिणींसमोर नको.” आम्ही ती सांगणे थांबवले. मागच्या वर्षी तिचा दृढीकरण संस्कार झाला. त्यानंतर धर्मशिक्षणाच्या वर्गात लहान मुले पापनिवेदनाला घाबरत होती, तेव्हा तिने स्वतःच ती गोष्ट त्यांना सांगितली. मुले पोट धरून हसली आणि त्यांची भीती कमी झाली. गोष्ट तिची होती. ती कधी सांगायची हे तिनेच ठरवले.

येशू बारा वर्षांचा असताना यरुशलेमेत मागे राहिला आणि तीन दिवसांनी मंदिरात सापडला. त्याचे उत्तर आईवडिलांना समजले नाही. तरी मरियामातेने त्या सर्व गोष्टी अंतःकरणात ठेवल्या (लूक २:५०-५१). पवित्र कुटुंबाच्या सणाला ‘क’ वर्षात हेच शुभवर्तमान वाचले जाते. न समजलेले मूलही मनात जपून ठेवावे लागते, हे आपण तिच्याकडून शिकतो.

ह्या आठवड्यात कुटुंबात करू या :

१. प्रत्येक मुलाची एक गमतीची आठवण वहीत लिहू या. तिच्यात त्याचा कोणता गुण दिसला, तेही लिहू या.
२. ‘तुझी कोणती गोष्ट चारचौघांत सांगितलेली तुला आवडत नाही?’ असे मुलांना विचारू या आणि त्यांचे म्हणणे पाळू या.
३. एका संध्याकाळी रोझरीनंतर आजी-आजोबांकडून आपल्या स्वतःच्या बालपणीच्या गमती मुलांना ऐकू देऊ या. त्यांनाही आपल्याबरोबर हसू दे!

प्रार्थना : हे प्रभो, तू आम्हांला मुले दिलीस आणि त्यांच्याबरोबर हसूही दिलेस. त्यांच्या आठवणी मरियामातेप्रमाणे जपण्यास आम्हांला शिकव. आमेन.