दिव्याच्या होल्डरची मर्यादा : वॅट, अँपिअर आणि उष्णता

ग्रामीण विद्युतीकरणाचा आपण जो हिशेब ठेवतो, तो बहुधा मीटरपाशी थांबतो. १९८८-८९ मध्ये सुरू झालेल्या कुटीर ज्योती कार्यक्रमातून दारिद्र्यरेषेखालील कुटुंबांना एका दिव्यापुरती जोडणी मिळू लागली. २००५ मध्ये राजीव गांधी ग्रामीण विद्युतीकरण योजना आली आणि सप्टेंबर २०१७ मध्ये सौभाग्य योजना जाहीर झाली. मीटरच्या पलीकडे घरात काय जोडले जाते व ते किती तापते, हा विषय मात्र घरमालकावर किंवा गावातील वायरमनवर सोपविलेला असतो. दिव्याचा होल्डर ही क्षुल्लक किमतीची वस्तू; परंतु घरातील विजेचा ताप सर्वाधिक तिलाच सोसावा लागतो.

दिव्याच्या शेडवर किंवा होल्डरजवळ ‘कमाल ६० वॅट’ असा मजकूर असतो. त्यापेक्षा मोठा दिवा लावल्यास वायर जळेल, असा त्याचा अर्थ सर्वसाधारणपणे लावला जातो. तो बरोबर नाही. २३० व्होल्टवर ६० वॅटचा दिवा सुमारे ०.२६ अँपिअर प्रवाह घेतो आणि १०० वॅटचा दिवा ०.४३ अँपिअर. दिव्यांच्या सर्किटवर सहसा ६ अँपिअरचा एमसीबी असतो. म्हणजे १०० वॅटच्या दिव्याने वायरवर काहीच भार येत नाही. छापलेली मर्यादा प्रवाहाची नसून उष्णतेची आहे, ही गोष्ट प्रथम लक्षात घ्यावयास हवी.

तंतूचा जुना दिवा विजेच्या सुमारे पाच टक्के भागाचाच दृश्य प्रकाश करतो. उरलेली सारी उष्णता होते. दिवा छताला उलटा टांगलेला असेल तर तापलेली हवा वर चढते आणि नेमकी होल्डरभोवती कोंडते. वर बंद शेड असेल तर तिला बाहेर पडण्यास वाटही नसते. घरगुती वायरवरील साधे पीव्हीसी आवरण ७० अंश सेल्सिअसपर्यंतच्या तापमानासाठी असते. त्याहून अधिक उष्णता रोज काही तास मिळत राहिली, की ते कडक होते, तडकते आणि अखेर तांब्याच्या तारा उघड्या पडतात. ही हानी महिनोन्महिने चालते आणि या काळात एमसीबीला त्याची चाहूलही लागत नाही. कारण तो मुख्यत्वे प्रवाह पाहतो, होल्डरचे तापमान नव्हे. तारा एकमेकींना टेकल्यावरच तो खाली पडतो. कधी कधी तोवर ठिणगी पडून गेलेली असते.

प्रवाहाची मर्यादा वेगळ्या प्रसंगी आड येते. ज्या घरात एकच दिवा आहे आणि प्लग लावण्यास सॉकेट नाही, तेथे होल्डरमध्ये दोन पिनांचा अडॅप्टर बसवून इस्त्री किंवा पाणी तापविण्याचा रॉड चालविला जातो. आपल्याकडील खटक्याच्या होल्डरची क्षमता साधारणपणे २ अँपिअर असते. ७५० वॅटची इस्त्री ३.२६ अँपिअर घेते. ६ अँपिअरच्या एमसीबीला यात काहीच वावगे दिसत नाही, आणि होल्डर मात्र दीडपटीहून अधिक भार वाहत राहतो.

त्यातच होल्डरमधील स्प्रिंग जुनी झाल्याने संपर्क सैल झालेला असेल तर परिस्थिती आणखी बिघडते. सांध्यावर निर्माण होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. सैल सांध्याचा रोध अर्धा ओहम धरला, तर ६० वॅटच्या दिव्यासाठी तेथे ०.०३ वॅट उष्णता होईल आणि इस्त्रीसाठी ५.३ वॅट. प्रवाह साडेबारापट, उष्णता दीडशेपटीहून अधिक! हरभऱ्याएवढ्या जागी पाच वॅट सतत मिळाले की बेकेलाइट काळे पडते, संपर्क आणखी खराब होतो आणि रोध वाढतच जातो. फ्यूज उडतो म्हणून त्याजागी जाड तार गुंडाळण्याची सवय अनेक ठिकाणी आहे. तिने उरलेसुरले संरक्षणही जाते.

एलईडीने या चित्रात मोठा बदल केला. जानेवारी २०१५ मध्ये सुरू झालेल्या उजाला योजनेतून ३६ कोटींहून अधिक दिवे वितरित झाले, आणि २०१४ मध्ये ३१० रुपयांना पडणाऱ्या दिव्याचा सरकारी खरेदीदर २०१६ पर्यंत ३८ रुपयांवर आला. ९ वॅटचा एलईडी ६० वॅटच्या दिव्याइतका उजेड देतो. वेष्टनावरील ‘६० वॅटच्या तोडीचा’ हा उल्लेख उजेडापुरता आहे. होल्डरची मर्यादा तपासताना प्रत्यक्ष ९ हाच आकडा धरावा. झीरोच्या दिव्याबाबत उलट गैरसमज आढळतो. तंतूचा हा दिवा नावाने शून्य, प्रत्यक्षात १२ ते १५ वॅट घेतो, आणि देव्हाऱ्यातील प्लास्टिकच्या सजावटीला तो टेकलेला असेल तर एवढी उष्णताही पुरेशी ठरते.

एलईडीमुळे होल्डर वाचला, पण आता उष्णतेचा फटका दिव्यालाच बसतो. त्याच्या बुडाशी असलेल्या इलेक्ट्रॉनिक भागांतील कपॅसिटरचे आयुष्य तापमान १० अंशांनी वाढले की साधारणपणे निम्मे होते. बंद काचेच्या गोळ्यात बसविलेला दिवा म्हणूनच वेष्टनावरील तासांच्या बराच आधी जातो. रोज पाच तास वापरल्यास ९ वॅटचा दिवा ६० वॅटच्या तुलनेत वर्षाला सुमारे ९३ युनिट वाचवितो, त्यामुळे तो लवकर गेला तरी व्यवहार तोट्याचा ठरत नाही. परंतु हातावर पोट असणाऱ्या कुटुंबाला पुन्हा पुन्हा करावी लागणारी खरेदी जाचते, आणि ते मानकचिन्ह नसलेल्या स्वस्त मालाकडे वळते.

अर्थशास्त्रात ज्याला माहितीची विषमता म्हणतात, तिचे हे ठळक उदाहरण आहे. उत्पादकाला मर्यादा ठाऊक असते. ती बहुधा इंग्रजीत, शेडच्या आतील बाजूस, दिवा बसविल्यावर दिसेनाशी होईल अशा जागी छापलेली असते. भाडेकरूला तर वायरिंगचे वय आणि जाडीही माहीत नसते, आणि दुरुस्तीचा खर्च घरमालकाने करावा की त्याने, हेही बहुधा ठरलेले नसते. सौभाग्य योजनेत गरीब कुटुंबांना एका दिव्याची वायरिंग, एलईडी दिवा आणि मोबाइल चार्जिंगचा पॉइंट देण्याची तरतूद होती. तो पॉइंट इस्त्रीच्या कामाचा नाही. अर्थिंगसह एक योग्य सॉकेट मूळ जोडणीतच दिले, तर होल्डरमध्ये अडॅप्टर खोचण्याची गरजच राहणार नाही, आणि नंतर वेगळा वायरमन बोलावण्यापेक्षा ते निश्चितच स्वस्त पडेल. तोवर घरातील होल्डर वर्षातून एकदा, मेन स्विच बंद करून, पाहून घ्यावेत : कडा तपकिरी झालेली, स्प्रिंग दबलेली किंवा वायरचे आवरण बोटाने वाकविताच तडकणारे आढळल्यास होल्डर बदलावा आणि वायरचा जळका भाग कापून टाकावा.