पायाचे दुखणे : प्लास्टर निघेपर्यंत आणि निघाल्यानंतर

हात मोडला तर माणूस गळ्यात झोळी अडकवून बाजारात चक्कर मारून येतो. पाय मोडला की मात्र सगळे घर खाटेभोवती फिरू लागते. पाणी कोणी द्यायचे, संडासला कसे न्यायचे, दुकान कोणी उघडायचे, येथूनच प्रश्न सुरू होतात. पावसाळ्यात निसरड्या अंगणात, सुगीत बांधावरून उतरताना आणि एरवी मोटारसायकलवरून पडून पाय दुखावलेले रुग्ण आमच्याकडे बारा महिने येतात. हाड बसवण्याचे काम अस्थिरोगतज्ज्ञ करतात. पण नंतरचे सहा-आठ आठवडे रुग्णाला घरीच काढायचे असतात, आणि पाय चांगला होणार की अधू राहणार, हे पुष्कळदा याच आठवड्यांत ठरते. त्या दिवसांविषयी आज लिहायचे आहे.

मुरगळला की मोडला?

आपल्या एका पावलात लहानमोठी २६ हाडे असतात. "चालता येतंय ना, मग मोडलेला नाही," असे घरातली वडीलधारी माणसे सांगतात. हा समज खरा नाही. पावलाच्या करंगळीकडील लांब हाड मोडूनही माणसे लंगडत चालत राहतात. इंग्लंडमधील लिव्हरपूलचे शल्यविशारद रॉबर्ट जोन्स यांचे हे हाड नाचताना मोडले होते आणि १९०२ साली त्यांनी त्यावर शास्त्रीय लेख लिहिला. या हाडाच्या एका प्रकारच्या अस्थिभंगाला आजही त्यांचेच नाव आहे. सांगायचे ते असे, की हाड मोडायला झाडावरून पडावे लागत नाही. पाऊल वाकडे पडले तरी पुरते.

मग एक्स-रे कधी काढावा? कॅनडातील ओटावा येथील डॉक्टरांनी १९९२ साली यासाठी सोपे नियम सांगितले. घोट्याच्या आतल्या किंवा बाहेरच्या हाडाच्या मागच्या कडेवर अथवा टोकावर दाबल्यास दुखणे, करंगळीकडील लांब हाडाच्या बुडाशी दुखणे, पावलाच्या आतल्या बाजूच्या उंचवट्यावर दुखणे, किंवा लागल्यावर लगेच आणि नंतर दवाखान्यातही चार पावले टाकता न येणे, यांपैकी काहीही असेल तर एक्स-रे काढावा. बारीक तडा पहिल्या दिवशी दिसत नाही असेही होते. दुखणे तसेच राहिले तर दहा ते चौदा दिवसांनी डॉक्टर पुन्हा फोटो काढायला सांगतात. पैसे उकळण्यासाठी सांगितले असे समजू नये.

पहिले दोन दिवस पाय चोळू नये, गरम शेक देऊ नये. सूज वाढते. फडक्यात गुंडाळलेला बर्फ एका वेळी पंधरा-वीस मिनिटे ठेवावा. कामट्या लावून करकचून बांधून घेणे तर फार धोक्याचे. आत सूज वाढते, बाहेर पट्टी ढिली होत नाही आणि रक्तपुरवठा बंद पडून पाऊल काळे पडू शकते. कातडी फाटली असेल तर धनुर्वाताच्या इंजेक्शनची आठवण डॉक्टरांना करून द्यावी. लसीचा पहिला क्रम पूर्ण झालेला असेल, तरी माती-शेणाने मळलेल्या जखमेसाठी शेवटचा डोस पाच वर्षांपेक्षा जुना असल्यास आणि स्वच्छ किरकोळ जखमेसाठी दहा वर्षांपेक्षा जुना असल्यास पुन्हा डोस लागतो. मात्र हाड मोडलेल्या जागीच जखम असेल तर घरी थांबूच नये. तडक रुग्णालय गाठावे.

प्लास्टर घातल्यावर

साधे प्लास्टर पुरते वाळायला सुमारे दोन दिवस लागतात. तोवर पाय उशीवर अलगद ठेवावा, टणक कडेवर टेकवू नये. पाय छातीपेक्षा उंच राहील अशा दोन-तीन उशा पोटरीखाली ठेवाव्यात. खुर्चीत बसून पाय खाली सोडला की सूज वाढते आणि ठणका सुरू होतो.

बोटे उघडी असतात ती कशासाठी? तपासण्यासाठी. घरातल्या कोणीतरी दिवसातून चार वेळा अंगठ्याचे नख दाबून सोडावे. पांढरे पडलेले नख दोन सेकंदांत पुन्हा गुलाबी झाले पाहिजे. बोटे हलवता आली पाहिजेत. बोटे निळी किंवा पांढरी पडली, बधिर झाली, मुंग्या येऊ लागल्या, किंवा गोळी घेऊन आणि पाय उंच ठेवूनही दुखणे वाढतच गेले, तर सकाळची वाट पाहू नये. रात्री दोन वाजले असले तरी रुग्णालयात जावे. प्लास्टर उभे कापून सैल केले की बहुधा काम भागते. मात्र त्याला काही तासांचा उशीर झाला तर आतले स्नायू मरतात.

आत खाज सुटते. ती फार छळते हे कबूल. पण विणायची सुई, फूटपट्टी, कंगवा असले काहीही आत घालू नये. आत ओरखडा पडला की जखम झाकलेलीच राहते आणि वास येऊ लागल्यावर कळते.

घरातले दिवस

तीन वर्षांपूर्वी दवाखान्याच्या पायरीवर माझेच पाऊल वाकडे पडले आणि करंगळीकडील हाडाला तडा गेला. सहा आठवडे मी पाय स्टुलावर ठेवून रुग्ण तपासले. त्या काळात शिकलेल्या काही गोष्टी पुस्तकात सापडत नाहीत, म्हणून सांगतो.

कुबड्या घेतल्या की दोन्ही हात अडकतात. साधा चहाचा कप एका खोलीतून दुसऱ्या खोलीत नेता येत नाही. गळ्यात अडकवायची कापडी पिशवी शिवून घ्यावी. त्यात थर्मास, चष्मा, फोन, औषधे, सगळे मावते. कुबडीचा वरचा भाग काखेपासून दोन-तीन बोटे खाली असावा आणि अंगाचा भार तळहातांवर यावा. काखेत भार घेतला तर तिथली नस दबते आणि मनगट लुळे पडू शकते. कुबडीच्या खालचे रबरी बूच झिजले की लगेच बदलावे. ओल्या फरशीवर झिजलेले बूच सर्रकन घसरते.

जिना चढताना चांगला पाय आधी वर टाकावा. उतरताना कुबड्या आणि दुखरा पाय आधी खाली. पुढे एकच काठी वापरायची झाली तर ती चांगल्या पायाच्या बाजूच्या हातात धरावी. आपल्याकडे जवळजवळ प्रत्येक जण ती दुखऱ्या बाजूला धरतो.

आंघोळीला मोरीत प्लास्टिकची खुर्ची ठेवावी. प्लास्टरवर पॉलिथिनची पिशवी घालून वरून फडक्याने बांधावी आणि तो पाय मोरीबाहेर स्टुलावर ठेवावा. देशी संडासात एका पायावर बसण्याची कसरत करू नये. मधोमध भोक असलेली कमोडची खुर्ची मिळते, ती आणावी. रात्री वाटेत दिवा चालू ठेवावा, सतरंज्या आणि पायपुसणी गुंडाळून ठेवावीत. एक पाय मोडलेला असताना दुसऱ्यांदा पडून कमरेचे हाड मोडून घेणारे रुग्ण मी पाहिले आहेत.

घरच्या पुरुषांना एक विनंती. पुरुषाचा पाय मोडला तर त्याला जागेवर ताट मिळते. बाईचा पाय मोडला तर ती तिसऱ्या दिवशी ओट्याशी उभी असते. डॉक्टरांनी पाय टेकू नका म्हटले असेल तर ते तिलाही लागू आहे. फार तर भाजी निवडण्याचे काम तिला पाय उंच ठेवून द्यावे. पाण्याचे हंडे आणि चूल इतरांनी सांभाळावी.

खाणे काय? हाड मोडले म्हणून वेगळे पथ्य नाही. डाळी, उसळी, दूध, दही, चालत असल्यास अंडी आणि मासळी रोज असावी. १०० ग्रॅम नाचणीत ३०० मिलिग्रॅमहून अधिक कॅल्शियम असते, तेव्हा भाकरी नाचणीची करावी. बसून राहिल्याने शौचाला खडा होतो, म्हणून पाणी आणि पालेभाजी वाढवावी. विडी, सिगारेट बंद करावी. धुराने रक्तवाहिन्या आकुंचन पावतात आणि हाड उशिरा सांधते. तंबाखू आणि मिश्रीही सोडण्याची हीच वेळ.

दुखणे थांबले, पण का थांबले?

आता महत्त्वाचा मुद्दा. दुखणे कमी झाले म्हणजे पाय बरा झाला, असे आपण धरून चालतो. ते नेहमी खरे नसते.

माझ्या ओळखीचे एक शिंपी आहेत, वय छप्पन्न. पायमशिनवर सगळा संसार. लग्नसराईच्या तोंडावर त्यांचा पाय मुरगळला. आठ दिवसांत दुखणे जवळजवळ नाहीसे झाले, म्हणून ते पुन्हा मशिनवर बसले. तीन आठवड्यांनी ते आले ते पायासाठी नव्हे, खोकल्यासाठी. मी चपला काढायला सांगितल्या, तर एक पाऊल सुजलेले, लाल, आणि हाताला दुसऱ्या पायापेक्षा स्पष्ट गरम लागणारे. "दुखत नाही हो डॉक्टर, जड वाटतं इतकंच," असे ते म्हणाले. मी नायलॉनचा बारीक तंतू तळपायाला टेकवला. डोळे मिटलेल्या माणसाला तो कुठे टेकला हे सांगता आले पाहिजे. त्यांना दहापैकी सात ठिकाणी काहीच कळले नाही. रक्तात साखर भरपूर. मधुमेह कित्येक वर्षांचा असावा आणि त्यांना त्याचा पत्ता नव्हता. एक्स-रेमध्ये पावलाच्या मधली हाडे मोडून सरकू लागली होती.

मधुमेहाने पायाच्या नसा बधिर होतात. पायाचा पहारेकरीच झोपी जातो. माणूस मोडलेल्या हाडावर चालत राहतो आणि पावलाची कमान कोसळून तळवा होडीच्या बुडासारखा होतो. पुढे तिथे जखम, जखमेत पू, आणि शेवटी पाय कापण्याची पाळी. वेल्लोर येथे कुष्ठरुग्णांवर उपचार करताना डॉ. पॉल ब्रँड यांनी हेच दाखवून दिले. पाय झडतो तो थेट रोगाने नव्हे, तर संवेदना गेल्यामुळे रोज होणाऱ्या न कळणाऱ्या इजांनी. मऊ रबराच्या तळाच्या चपलांचा प्रसार त्यांच्या या कामातूनच झाला.

शिंपीबुवांना पाच महिने प्लास्टरमध्ये काढावे लागले. ती लग्नसराई हातची गेली. त्यांची पत्नी हाताने चालणाऱ्या मशिनवर काजेबटणे आणि फॉल-बिडिंगची कामे करून घर चालवत होती. आज त्यांच्या पायाचा आकार शाबूत आहे आणि मशिनला त्यांनी मोटर बसवून घेतली आहे. अजून दोन महिने ते तसेच पायडल मारत राहिले असते, तर हे वाक्य मला लिहिता आले नसते.

म्हणून ज्याला मधुमेह आहे त्याने सुजलेले, गरम, न दुखणारे पाऊल हे तातडीचे दुखणे समजावे. चाळिशीच्या पुढे पाय दुखावलेल्या प्रत्येकाने त्या निमित्ताने साखर तपासून घ्यावी. उपाशीपोटी साखर १२६ किंवा त्याहून अधिक, किंवा तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीएवनसी ६.५ टक्के किंवा अधिक आली, तर मधुमेहाचा विचार करावा लागतो. इजेच्या ताणाने साखर तात्पुरती वाढते, तेव्हा एचबीएवनसी उपयोगी पडते.

तपासणीला कधी जावे?

१) प्लास्टर घातल्यावर चोवीस तासांत. बोटांचा रंग आणि सूज पाहतात.

२) सात ते दहा दिवसांनी. सूज उतरल्यावर प्लास्टर सैल होते आणि हाड सरकू शकते. म्हणून हा एक्स-रे चुकवू नये.

३) सहा आठवड्यांनी. हाड सांधले का हे फोटोवरून आणि दाबून दुखते का यावरून ठरते. प्लास्टर घरी कापू नये.

४) तीन महिन्यांनी. चाल, सूज आणि घोट्याची हालचाल पाहतात.

प्रत्येक वेळी रक्तदाब मोजून घ्यावा. ठणक्यावरच्या बऱ्याच गोळ्यांनी रक्तदाब वाढतो, पोटात व्रण होतो आणि मूत्रपिंडाला इजा पोहोचते. त्या दुकानातून परस्पर आणून महिना-महिना घेऊ नयेत. पन्नाशी उलटलेल्या बाईचे हाड साध्या पडण्याने मोडले असेल तर हाडांची घनता तपासावी का, हे डॉक्टरांना विचारावे.

आणखी एक धोक्याची खूण. पाय हलत नसल्याने पोटरीतल्या शिरेत रक्ताची गुठळी होऊ शकते. पोटरीत दुखून सूज वाढली, किंवा एकाएकी दम लागला, छातीत दुखले, तर त्या क्षणी रुग्णालय गाठावे.

प्लास्टर निघाल्यावर

निघालेला पाय पाहून रुग्ण घाबरतो. पोटरी बारीक झालेली, कातडीचा कोंडा निघतो, घोटा लाकडासारखा. हे सर्व अपेक्षितच आहे. कोंडा खरवडू नये, कोमट पाण्याने धुऊन तेल लावावे. संध्याकाळी सूज येणे काही महिने चालते. बसल्या बसल्या पायाच्या अंगठ्याने हवेत बाराखडी गिरवावी, म्हणजे घोटा सगळ्या दिशांना फिरतो. जमिनीवरचा पंचा बोटांनी गोळा करावा. डॉक्टरांनी थोडाच भार टाका असे सांगितले असेल, तर तो किती हे घरच्या वजनकाट्यावर पाय ठेवून पाहावे. अंदाजाने कळत नाही.

दुचाकी कधी? पाय पूर्ण टेकवून गाडी तोलता आली आणि झटक्यात ब्रेक दाबताना दुखले नाही, तर डॉक्टरांना विचारून.

हाड सांधायला त्याचा वेळ लागतो, तो कोणत्याही गोळीने निम्मा होत नाही. तेवढे दिवस पाय उंच ठेवावा, बोटांवर नजर ठेवावी आणि ठरलेल्या दिवशी तपासणीला जावे. घरात कोणाला मधुमेह असेल, तर आज रात्री झोपण्यापूर्वी त्याचे दोन्ही तळवे उजेडात पाहा आणि दोन्ही पावलांना हात लावून पाहा. एक पाऊल दुसऱ्यापेक्षा गरम लागले, तर उद्याच डॉक्टरांना दाखवा.