सातासमुद्रापारचे टपाल

इ. स. १८८३ च्या जून महिन्याच्या ४ तारखेस एक अठरा वर्षांची महाराष्ट्रीय तरुणी न्यूयॉर्क बंदरात उतरली. ७ एप्रिल रोजी कलकत्त्याहून सुरू झालेला तिचा प्रवास जवळजवळ दोन महिने चालला होता. वैद्यकशास्त्राच्या अध्ययनासाठी एवढ्या दूर आलेली ही तरुणी म्हणजे आनंदीबाई जोशी होत. त्यांना उतरवून घेण्यासाठी श्रीमती कार्पेंटर नावाच्या अमेरिकन बाई आल्या होत्या. दोघींची ही पहिलीच भेट. परंतु पत्रव्यवहारामुळे त्यांच्यात मावशी-भाचीसारखा जिव्हाळा आधीच निर्माण झाला होता.

हा स्नेह टपालानेच जुळवून आणला होता. आनंदीबाईंचे पती गोपाळराव हे टपाल खात्यात नोकरीस होते. पत्नीने उच्च शिक्षण घ्यावे, हाच त्यांचा ध्यास होता. त्यासाठी त्यांनी एका अमेरिकन मिशनऱ्यास पत्र लिहून साहाय्य मागितले. परंतु साहाय्य हवे असेल, तर धर्मांतर करावे लागेल, असा त्या उत्तराचा सूर होता. गोपाळरावांनी ते मान्य केले नाही. मात्र त्यांचे पत्र अमेरिकेतील एका मासिकात छापले गेले आणि श्रीमती कार्पेंटर यांच्या वाचनात आले. त्यांचे मन हेलावले व १८८० साली त्या दोघींचा पत्रव्यवहार सुरू झाला.

आनंदीबाई फिलाडेल्फिया येथील स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात दाखल झाल्या. गोपाळराव मागे भारतातच राहिले. त्या काळी विमाने नव्हती. भारतातून निघालेले पत्र आगबोटीने एडन व सुवेझमार्गे युरोपात जाई. तेथून आगगाडीने इंग्लंडच्या वाटेला लागे आणि पुन्हा आगबोटीने अटलांटिक महासागर ओलांडून अमेरिकेस पोहोचे. पत्र पोहोचून त्याचे उत्तर हाती येण्यास सुमारे दोन महिने लागत. आज विचारलेल्या प्रश्नाला दोन महिन्यांनी उत्तर मिळे. आजाराची वार्ता घरी कळे, तेव्हा तो आजार बरा झालेला असे किंवा बळावलेला असे. गोपाळरावांच्या पत्रांत कधी प्रोत्साहन असे, तर कधी कठोर शब्दही असत. रागाच्या भरात लिहिलेला शब्द एकदा बोटीवर चढला, की तो परत घेण्याचा उपाय नसे. परक्या देशातील कडाक्याची थंडी, न मानवणारे अन्न आणि अभ्यासाचा भार सोसणाऱ्या आनंदीबाईंना हे शब्द एकटीनेच वाचावे लागत.

तरीही पत्रे पोहोचत. अनेक देशांच्या सीमा ओलांडणाऱ्या पत्राला एकाच देशाची तिकिटे कशी पुरत? पूर्वी तसे नव्हते. प्रत्येक दोन देशांमध्ये स्वतंत्र करार असत, दर निरनिराळे असत आणि एकाच पत्राच्या आकाराची वाटणी अनेक देशांत करावी लागे. जर्मनीचे टपालप्रमुख हाइन्रिक फॉन स्टेफान यांनी हा गोंधळ दूर करण्याचा पुढाकार घेतला. ९ ऑक्टोबर १८७४ रोजी स्वित्झर्लंडमधील बर्न शहरी २२ देशांनी एक करार केला. टपालापुरते सर्व सभासद देश म्हणजे एकच प्रदेश, हे त्याचे मुख्य तत्त्व होय. जेथून पत्र निघते, त्या देशाची तिकिटे लावली, की पुढील देशांनी ते पोहोचते करावयाचे, असे ठरले. अमेरिका त्यात प्रारंभापासून होती. भारत १८७६ साली सहभागी झाला. यातूनच जागतिक टपाल संघ उभा राहिला. आज तो संयुक्त राष्ट्रांची एक विशेष संस्था म्हणून कार्य करतो व ९ ऑक्टोबर हा दिवस जागतिक टपाल दिन म्हणून पाळला जातो.

परदेशी पत्र धाडताना आजही काही गोष्टी ध्यानात ठेवाव्या लागतात. पत्ता सुवाच्य असावा, शेवटच्या ओळीत देशाचे नाव लिहावे आणि पाठवणाऱ्याने आपला पत्ताही द्यावा.

११ मार्च १८८६ रोजी आनंदीबाईंना वैद्यकीय पदवी मिळाली; परंतु क्षयाने खंगलेल्या आनंदीबाई मायदेशी परतल्यावर थोड्याच महिन्यांत, २६ फेब्रुवारी १८८७ रोजी निवर्तल्या. त्यांच्या अस्थी श्रीमती कार्पेंटर यांच्याकडे अमेरिकेस पाठवण्यात आल्या. काशीबाई कानिटकर यांनी लिहिलेल्या चरित्रातून आनंदीबाईंची पत्रे मात्र आजही वाचावयास मिळतात. दूर देशी असलेल्या माणसास पत्र हाच घराचा आवाज असतो. म्हणून ते लिहिताना शब्द तोलून लिहावा.

स्वाध्याय
१. आनंदीबाई व श्रीमती कार्पेंटर यांचा परिचय कसा झाला?
२. बर्न येथील करारामुळे परदेशी टपालात कोणती सुधारणा झाली?
३. ‘शब्द तोलून लिहिणे’ व ‘मन हेलावणे’ यांचा वाक्यांत उपयोग करा.
४. परगावी शिकणाऱ्या भावास किंवा बहिणीस धीर देणारे पत्र लिहा.