रेघा नव्हे, आकडा बघा

प्रश्न : दांडीत आमच्या मच्छीमार संस्थेच्या कार्यालयात राउटर आहे. मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये, जिथे मासळीचं वजन होतं, तिथे फोनवर वाय-फायच्या रेघा पुरेशा दिसतात, पण पैशांचा व्यवहार अडकतो. पाहणी कशी करावी?
– एक वाचक, दांडी (जि. पालघर)

उत्तर : रेघांवर विसंबू नका, प्रत्येक फोन त्या आपल्या हिशेबाने दाखवतो. वाय-फाय अ‍ॅनालायझरचं मोफत अ‍ॅप घेऊन डीबीएममधला आकडा बघा. तो उणे असतो. उणे ५० उत्तम, उणे ६७ कामाला पुरेसा, उणे ७५ च्या पलीकडे रखडणं आलंच. ३ डीबी घटले की ताकद निम्मी होते.

शेडचा कच्चा नकाशा काढा. दर चार-पाच पावलांवर थांबा, फोन हातात नेहमीसारखा धरा आणि आकडा टिपा. हे काम होड्या लागल्यावर, ऐन गर्दीत करा. पत्रा लहरी परतवतो. ओली मासळी आणि माणसं त्या शोषतात. रिकाम्या शेडमधला आकडा म्हणूनच फसवा.

आकडा चांगला असूनही अडकत असेल, तर शेजारच्या राउटरांचे चॅनेल तपासा. २.४ गिगाहर्ट्‌झवर १, ६ आणि ११ हे तीनच एकमेकांत मिसळत नाहीत; सर्वांत मोकळा निवडा.

आकडाच कमी असेल, तर रिपीटरऐवजी शेडपर्यंत केबल ओढून वेगळा अ‍ॅक्सेस पॉइंट बसवा. खाऱ्या वाऱ्याने जोड गंजतात, तेव्हा बाहेरचं उपकरण बंद पेटीत ठेवा. नवं काहीही विकत घेण्याआधी मात्र ही पाहणी जरूर करा.